नोटिशीचा महिना

महाराष्ट्रातील घराघरांतून गरोदरपणाची वार्ता एकदम बाहेर पडत नाही. ती पायरीपायरीने बाहेर येते. आरंभीचे तीन महिने ती नवराबायको आणि घरातील एखादी जाणती स्त्री यांच्यापुरतीच असते. नंतर माहेरच्या माणसांकडून चोरचोळी होते. या विधीच्या नावातच मौज आहे: ओटी भरावयाची, पण ती चोरून, आनंद करावयाचा, पण त्याचा गवगवा होऊ द्यावयाचा नाही. सातव्या महिन्यात मात्र डोहाळेजेवण होते, फुलांची वाडी भरली जाते, आणि मग आळीतल्या पोरासोरांनाही काही सांगावयाचे उरत नाही. कोणाला केव्हा कळावे याचा एवढा काटेकोर क्रम रूढीने लावून दिलेला आहे. त्यात नवऱ्याला जागा आहे, सासूला आहे, सुइणीला आहे, शेजारणीला आहे. एकाच माणसाला त्यात जागा नाही, आणि तो म्हणजे त्या स्त्रीला मजुरी देणारा मालक. ज्या काळी ही रूढी घडली त्या काळी असा परका मालक बहुतेकींच्या आयुष्यात नव्हताच. तो आला गिरणीबरोबर, आणि त्याच्याबरोबर एक प्रश्नही आला. मालकाला केव्हा सांगावयाचे?

वरवर पाहता हा प्रश्न शिष्टाचाराचा वाटतो. वस्तुतः तो पोटाचा आहे. लवकर सांगितले तर काम जाण्याची भीती, उशिरा सांगितले तर हक्क बुडण्याची भीती. आणि मुळीच सांगितले नाही तर नवव्या महिन्यातही उभे राहून काम करण्याची पाळी. भारतातील प्रसूतिविषयक कायद्यांचा शंभर वर्षांचा इतिहास या एका कोंडीभोवती फिरत आलेला आहे. इतिहासग्रंथांतून मात्र भत्त्याचे दर आणि रजेचे आठवडे यांचीच नोंद अधिक आढळते, आणि सांगण्याच्या त्या दिवसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

पहिल्या महायुद्धानंतरच्या मुंबईत, परळ, लालबाग, भायखळा या गिरणगावच्या भागांत, कापडगिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्यांचे काम मुख्यतः रिळांच्या आणि गुंडाळणीच्या खात्यांत असे. त्यांतील पुष्कळजणी कोकणातून आणि घाटावरून आलेल्या होत्या. त्यांचा आणि मालकाचा प्रत्यक्ष संबंध जवळजवळ नसेच. त्यांच्यावर देखरेख करणारी, त्यांना कामावर घेणारी आणि कामावरून काढणारी बाई म्हणजे नायकीण. पुरुषांच्या खात्यांत जो अधिकार जॉबरचा, तोच बायकांच्या खात्यांत नायकिणीचा. हजेरी तिच्या हातात, बदलीचे काम तिच्या हातात, आणि म्हणून भेटही तिलाच पोहोचवावी लागे. बाळंतपणासाठी घरी बसलेल्या बाईला परतल्यावर आपली जागा मिळणार की नाही, हे गिरणीच्या कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते. ते नायकिणीच्या मर्जीवर होते. तेव्हा मालकाला सांगण्याचा प्रश्न व्यवहारात नायकिणीला सांगण्याचा होता. तिला तर न सांगताच दिसत असे! दिसत असूनही तिने बोलावयाचे की नाही, हा पुन्हा तिच्या मर्जीचा भाग. कित्येक बायका या कारणाने प्रसूतीच्या अगदी जवळच्या दिवसापर्यंत खात्यात उभ्या राहत आणि बाळंतीण झाल्यावर जितक्या लवकर अंगात त्राण येईल तितक्या लवकर परतत.

कायद्याने या बाबतीत लक्ष घालावयाचे ठरविले तेव्हा त्याची पहिली पावले युरोपात पडली. 1877 मध्ये स्वित्झर्लंडने आपल्या कारखाना कायद्यात बाळंतपणाच्या आधीचे व नंतरचे मिळून आठ आठवडे स्त्रीला कामावर येण्यास मनाई केली. इंग्लंडने 1891 च्या कायद्यात बाळंतपणानंतरच्या चार आठवड्यांपुरती बंदी घातली. परंतु त्या बंदीत एक लहानसा शब्द होता. मालकाने अशा स्त्रीस ‘जाणूनबुजून’ कामावर ठेवू नये, असे ते कलम होते. हा शब्द न्यायाच्या दृष्टीने रास्तच म्हणावयाचा, कारण ज्याला माहीत नाही त्याला गुन्हेगार कसे ठरवावयाचे? परंतु त्याचा परिणाम विलक्षण झाला. माहीत नसणे हे मालकाच्या सोयीचे ठरले. बाईला मजुरी हवी, म्हणून ती सांगावयाची नाही. मालकाला हात हवेत आणि दंड नको, म्हणून तो विचारावयाचा नाही. मनाई होती, पण पोटगी नव्हती. मजुरीवाचून सक्तीने घरी बसविलेली स्त्री बोलेल तरी कशाला? पुढे हाच शब्द मुंबईच्या कायद्यात उतरला आणि 1961 च्या केंद्रीय कायद्यातही कायम राहिला.

1919 मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. भारतीय कामगारांच्या वतीने तेथे गेलेले गृहस्थ म्हणजे नारायण मल्हार जोशी. हे कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे सदस्य आणि 1911 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक. त्या परिषदेने प्रसूतिसंरक्षणाचा जो करार संमत केला, त्यात प्रसूतीनंतर सहा आठवडे सक्तीची विश्रांती, आधीचे सहा आठवडे वैद्यकीय दाखल्यावर रजा, त्या काळात निर्वाहापुरता भत्ता आणि अंगावर पिणाऱ्या मुलासाठी दिवसातून दोनदा अर्ध्या अर्ध्या तासाची सुटी अशी व्यवस्था होती. आणखी एक तरतूद त्यात होती व ती फार शहाणपणाची होती. डॉक्टरने प्रसूतीची तारीख सांगताना चूक केली तरी त्या चुकीपायी स्त्रीचा भत्ता बुडू नये! ज्यांनी हे वाक्य घातले त्यांना प्रसूतीचा दिवस आणि कचेरीचा दिवस यांतील फरक चांगला ठाऊक असला पाहिजे.

भारताने तो करार स्वीकारला नाही. येथील परिस्थितीची पाहणी करून अहवाल द्यावा, एवढीच विनंती परिषदेने भारत सरकारला केली होती. तीनुसार मुंबई सरकारने डॉक्टर बार्न्स या स्त्री-वैद्याची नेमणूक केली आणि गिरण्यांतील व चाळींतील स्त्रियांची पाहणी करविली. आई गिरणीत आणि तान्हे मूल अफूच्या गुंगीत, हे चाळीतले दृश्य या पाहणीमुळे सरकारी कागदावर आले. 1924 साली जोश्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक मांडले. कारखान्यांबरोबर खाणी आणि आसामचे चहाचे मळे यांनाही ते लागू व्हावयाचे होते. अशा कायद्याची वेळ अद्याप आलेली नाही, हे सरकार पक्षाचे म्हणणे होते, आणि 1925 मध्ये ते विधेयक फेटाळले गेले. ‘वेळ आलेली नाही’ या शब्दप्रयोगाला या विषयात एक निराळाच विनोद चिकटलेला आहे. परंतु सभागृहात त्या दिवशी तो कोणाच्या लक्षात आला असेल असे वाटत नाही.

जे दिल्लीत जमले नाही ते मुंबईत जमले. 1928 मध्ये मुंबईच्या कायदेकौन्सिलात आसवले यांच्या विधेयकावर चर्चा झाली. विरोधकांचा मुख्य आक्षेप असा की, बाळंतपणाचा खर्च गिरणीमालकाने का सोसावा? 28 जुलै 1928 रोजी त्या विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन गोष्टी स्पष्टपणे मांडल्या. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्या भाराचा मोठा वाटा सरकारने उचलणे युक्त होय, ही पहिली. परंतु जो मालक स्त्रियांना कामावर ठेवतो तो आपल्या फायद्यासाठीच ठेवतो, म्हणून त्यालाही या भारातून सर्वस्वी सुटता येणार नाही, ही दुसरी. यांतील दुसरी गोष्ट कायद्याने ताबडतोब उचलली. पहिली पुष्कळ वर्षे तशीच पडून राहिली. सारा भार एकट्या मालकावर पडला, आणि पुढील बहुतेक गुंतागुंतीचे मूळ त्यातच आहे.

1929 चा मुंबईचा प्रसूतिभत्ता कायदा हा भारतातील या प्रकारचा पहिला कायदा. त्यातील भत्ता रोजी आठ आणे होता. आठ आण्यांची किंमत आज हसण्यासारखी वाटेल, पण ती त्या काळच्या गिरणीतील बाईच्या मजुरीशी ताडून पाहावयास हवी. त्याहून लक्ष देण्यासारखे आहे ते नोटिशीचे कलम. येत्या एक महिन्याच्या आत आपली प्रसूती अपेक्षित आहे, आपल्याला भत्ता मिळावा, आणि भत्त्याच्या काळात आपण दुसरीकडे कोठेही काम करणार नाही, असे स्त्रीने मालकाला लेखी कळवावयाचे. सही न येणाऱ्या बायकांच्या जगात ‘लेखी’ हा शब्द किती जड होता हे वेगळे सांगावयास नको. चाळीतला कोणी शिकलेला पोर, युनियनचा कार्यकर्ता किंवा गिरणीतलाच कारकून यांच्याकडून कागद लिहवून घ्यावयाचा आणि त्यावर अंगठा उमटवावयाचा. चोरचोळीपासून जी गोष्ट इतकी जपून ठेवली, ती अशी एका परक्या माणसाच्या हस्ताक्षरात कचेरीत जाऊन पडावयाची.

यातच आणखी एक मेख होती. भत्त्याचा हक्क मिळण्यासाठी त्या कारखान्यात अमुक महिने काम झालेले असले पाहिजे, अशी अट असे. 1934 च्या दुरुस्तीनंतर मुंबईत ही मुदत नऊ महिन्यांची होती, आणि ती मोजावयाची नोटीस दिल्याच्या तारखेपासून मागे. याचा अर्थ असा की नोटिशीची तारीख ही केवळ निरोपाची तारीख नव्हती. हक्क उत्पन्न झाला की नाही हे तीच ठरवी. चार दिवस आधी दिलेली नोटीस अपुऱ्या नोकरीमुळे वाया जाऊ शकत होती. मुदत भरण्याची वाट पाहत बसावे तर तोवर कामावरून कमी होण्याचा संभव. आणि नऊ महिन्यांची ही मुदत, योगायोगाने म्हणा अगर हिशेबाने म्हणा, नेमकी गर्भारपणाएवढीच! पोटुशी बाई नोकरीला लागून लगेच भत्त्यावर हक्क सांगेल ही धास्ती मालकवर्गाला होती, आणि तिचा बंदोबस्त कायद्याने करून दिला होता. दुसरी धास्ती बायकांना होती: दिवस गेल्याचे कळताच मालक काढून टाकील ही. तिच्यासाठी त्या पिढीच्या कायद्यांत असे कलम घालण्यात आले की, प्रसूतीच्या आधी सहा महिन्यांच्या आत पुरेशा कारणावाचून दिलेली बडतर्फीची नोटीस भत्त्याचा हक्क बुडवू शकणार नाही. सहा महिने आधी म्हणजे गर्भारपणाचा चौथा महिना. कायदा करणाऱ्यांनी धरलेला हा महिना आणि घरातली बातमी बाहेर पडावयाचा महिना यांत फारसे अंतर नाही, हे पाहून आश्चर्य वाटते.

मुंबईमागून 1930 मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडने, 1934 मध्ये मद्रासने, 1938 मध्ये संयुक्त प्रांताने, 1939 मध्ये बंगालने आणि पुढे इतर प्रांतांनी असे कायदे केले. 1941 मध्ये खाणींसाठी केंद्राचा कायदा झाला. त्यांच्या तपशिलांतील फरक येथे मोजत बसण्याचे कारण नाही. त्यांचे फळ काय मिळाले हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात कामगारांच्या परिस्थितीची पाहणी करण्यासाठी दत्तात्रय विष्णू रेगे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती आणि तिचा मुख्य अहवाल 1946 मध्ये आला. गर्भारपणाची पहिली चिन्हे दिसताच बाईला कामावरून दूर करणे, किंवा मुळातच अविवाहित मुली, विधवा आणि मूल होण्याचे वय उलटलेल्या बायका यांनाच कामावर घेणे, या पळवाटा त्या समितीने नमूद केल्या. म्हणजे बायका काय लपवितात याची चर्चा चालू असताना मालकांनी ते शोधून काढण्याची रीत बसविली होती. ‘जाणूनबुजून’ या शब्दाने जे मालक पूर्वी डोळे मिटून घेत, तेच आता भत्त्याच्या भीतीने डोळे उघडून बसले.

कापडगिरण्यांतील स्त्रियांची संख्या पुढील काही दशकांत झपाट्याने उतरत गेली. ती केवळ प्रसूतिकायद्यामुळे उतरली असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. नवी यंत्रे, कामाची नवी विभागणी, रात्रपाळीत स्त्रियांना असलेली मनाई, ही कारणे अधिक बलवान होती. तथापि बाई ठेवली की खर्च वाढतो, हे वाक्य त्या सर्व कारणांच्या जोडीला कचेऱ्यांतून ऐकू येत राहिले.

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट आंबेडकरांच्या पहिल्या मुद्द्यात दडलेली होती: भार वाटून घेणे. 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्या वाटेने गेला. 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्ली येथे या योजनेला प्रारंभ झाला, आणि 1954 मध्ये ती नागपूर व मुंबई येथे आली. मालक आणि कामगार या दोघांच्या वर्गणीतून जमलेल्या निधीतून प्रसूतिलाभ मिळू लागला, आणि गरोदरपणाचा दाखला मालकाच्या टेबलावर न जाता विमा महामंडळाच्या कचेरीत जाऊ लागला. एका बाळंतपणाचा खर्च एका मालकाच्या वहीत लिहिला जाण्याचे त्यामुळे थांबले. बाईला ते मालकाला सांगावे लागेनासे झाले असे नव्हे. पण जो ऐकणार त्याचे त्यात खिशातून जाणारे काही उरले नाही, आणि त्यामुळे ऐकण्याचा सूर पुष्कळ बदलतो. दुर्दैवाने ही योजना ज्या कारखान्यांना आणि ज्या वेतनमर्यादेपर्यंत लागू होती, त्यांच्या बाहेर स्त्रियांची मोठी संख्या राहिली.

त्यांच्यासाठी 1961 चा प्रसूतिलाभ अधिनियम आला. या कायद्याने रजेचे बारा आठवडे केले, त्यांतले सहापर्यंत प्रसूतीच्या आधी. मुंबईच्या जुन्या कायद्यातील मेखही त्याने काढून टाकली. कामाचे दिवस नोटिशीपासून मागे न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मागे मोजावयाचे ठरले. असे 160 दिवस भरले की हक्क उत्पन्न होई. 1988 च्या दुरुस्तीने ते 80 वर आणले. नोटीस लेखीच राहिली, परंतु ती प्रसूतीनंतरही देता येईल अशी मुभा मिळाली. आणि नोटीस दिलीच नाही तरी, बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील तर, हक्क बुडणार नाही असे स्पष्ट लिहिले गेले. कागदावरून पाहिले तर सांगण्याचा दिवस निवडण्याचे स्वातंत्र्य स्त्रीला पहिल्यांदा मिळाले ते येथे.

तरी या कायद्यात एक फट राहिली, आणि ती शांतपणे समजून घेण्यासारखी आहे. कायद्यानुसार गैरहजर असलेल्या स्त्रीला त्या गैरहजेरीत अगर त्या कारणावरून काढणे बेकायदा होते. ही झाली रजा सुरू झाल्यानंतरची गोष्ट. त्याच्या आधी, म्हणजे सांगितल्यानंतर पण रजेवर जाण्यापूर्वी, कोणी तिला कामावरून दूर केले, तर कायदा म्हणे की तिचा भत्ता बुडणार नाही. भत्ता वाचला, नोकरी वाचली असे मात्र त्या वाक्यात कोठेही नव्हते. आणि सांगावयाची गरज तर नेमकी याच काळात पडते. अवजड काम, तासन् तास उभे राहणे, यांतून सूट मागण्याचा हक्क कायद्याने दिला होता, परंतु तो ‘तिने विनंती केल्यास’ या अटीवर, आणि तोही प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या अलीकडचा जो एक महिना असतो त्या महिन्यात. म्हणजे साधारण सातव्या-आठव्या महिन्याच्या संधीवर तिने विनंती करावयाची, विनंती केली की गुपित फुटावयाचे, आणि गुपित फुटल्यापासून रजा सुरू होईपर्यंतचे काही आठवडे तिने मालकाच्या सद्बुद्धीवर काढावयाचे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही कलमे सामावून घेण्यात आली तेव्हा त्यांची ठेवण बव्हंशी तशीच राहिली.

कारखान्यांची गोष्ट अशी. कचेऱ्यांतील आणि आस्थापनांतील सुशिक्षित स्त्रियांची याहून फारशी वेगळी नव्हती. तेथे प्रश्न गर्भारपणाच्याही आधी, लग्नापाशीच सुरू होई. मुंबईतील एका औषधी कंपनीत अविवाहित स्त्रीने लग्न केले की तिची नोकरी संपे. विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात, असे कंपनीचे म्हणणे होते. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द करविला. गैरहजेरी मुलांमुळे होत असेल तर मुले असलेल्या विधवांचीही ती व्हावयास हवी, त्यांना कसे ठेवता, असा साधा प्रश्न न्यायालयाने विचारला. आणि रजेवर गेलेल्यांच्या जागी राखीव माणसे ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे, हेही दाखवून दिले. सरकारचेही घर या बाबतीत निर्मळ नव्हते. परराष्ट्र सेवेतील स्त्रीने लग्नापूर्वी लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात व्यत्यय येतो असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यावयास सांगता येईल, असे नियम होते. चोनिरा बेलिअप्पा मुथम्मा यांनी ते 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नेले, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यांवर कठोर ताशेरे ओढले.

सर्वांत उघड नियम हवाई सेविकांचा होता. एअर इंडियाच्या सेविकेने पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास त्या वेळी, किंवा पहिल्या गरोदरपणी निवृत्त व्हावे, असा तो होता. सांगण्याचा दिवस आणि नोकरीचा शेवटचा दिवस हे येथे एकच. 28 ऑगस्ट 1981 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गरोदरपणाचे हे कलम अवाजवी आणि भारतीय स्त्रीत्वाचा अपमान करणारे म्हणून रद्द केले. लग्नासंबंधीचे चार वर्षांचे बंधन मात्र त्याच निकालाने उचलून धरले, हेही विसरून चालणार नाही.

परंतु सांगण्यासंबंधी न्यायालयाचा सर्वांत महत्त्वाचा निकाल 1991 चा. आयुर्विमा महामंडळात उमेदवार म्हणून लागलेल्या एका तरुणीने नोकरीस लागल्यावर काही महिन्यांत प्रसूतीची रजा घेतली. जानेवारी 1990 मध्ये ती प्रसूत झाली आणि पुढच्याच महिन्यात तिला कामावरून कमी करण्यात आले. नेमणुकीच्या वेळी भरून दिलेल्या प्रतिज्ञापत्रकात तिने खोटी माहिती दिली, हा ठपका. ते पत्रक कसले होते? मासिक पाळी नियमित आहे काय, शेवटची पाळी कोणत्या तारखेस आली, आजवर किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला आहे काय, असले प्रश्न त्यात छापलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रक वाचले आणि असे प्रश्न स्त्रीच्या शालीनतेला आणि स्वाभिमानाला बाध आणणारे आहेत, ते काढून टाकले पाहिजेत, असे सांगितले. तिला पुन्हा नोकरीवर घेण्याचा हुकूम झाला. या निकालाचे मर्म केवळ त्या एका नोकरीत नाही. तोवरच्या साठ वर्षांत ‘तिने केव्हा सांगावे’ हाच प्रश्न चर्चिला गेला होता. ‘त्याने काय विचारू नये’ हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे येथे पुढे आला.

तरी सवय सहजी सुटत नाही. तीन महिन्यांहून अधिक गरोदर असलेली उमेदवार तात्पुरती अपात्र समजावी, तिने प्रसूतीनंतर चार महिन्यांच्या आत रुजू व्हावे, असे परिपत्रक भारतीय स्टेट बँकेने काढले, आणि त्यावर गदारोळ झाल्यावर 29 जानेवारी 2022 रोजी ते मागे घेतले. तीन महिने! चोरचोळीची मर्यादा बँकेच्या नियमात अशी येऊन बसली होती.

रोजंदारीवर रस्ते बांधणाऱ्या बायकांना हा हक्क मिळण्यासाठी एकविसावे शतक उजाडावयाची वेळ आली. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील स्त्री-मजुरांना नियमित नोकरांप्रमाणेच प्रसूतिलाभ द्यावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 8 मार्च 2000 रोजी दिला. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची केली, त्यांतले आठ आधी घेता येतील असे ठरविले. त्या दुरुस्तीतील रजेची वाढ सर्वांच्या तोंडी झाली. एक लहान कलम मात्र मागे राहून गेले. प्रत्येक स्त्रीला नेमणुकीच्या वेळीच या कायद्याखालील लाभांची माहिती मालकाने लेखी द्यावी, असे ते कलम सांगते. 1929 मध्ये बाईने अंगठा उमटवून मालकाला नोटीस द्यावयाची होती. 2017 मध्ये मालकाने बाईला नोटीस द्यावयाची ठरली. तिने काही सांगण्याच्या आधी त्याने सांगावयाचे, असा हा उलटा क्रम आहे. मात्र या रजेचे वेतन विमा योजनेच्या बाहेरच्या आस्थापनांत अजूनही एकट्या मालकाच्याच वहीत पडते, हे 1928 च्या सभागृहातील वादाचे शिल्लक राहिलेले देणे आहे.

आणि ज्यांना मालकच नाही त्यांचे काय? दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लक्षावधी माणसे ऊसतोडीला निघतात. तेथे नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती या कोयत्याला. एकाचे काम थांबले तर जोडीचे काम थांबते. खाडा झाला तर पैसे कापले जातात आणि उचल फिटत नाही. हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा, तळ उघड्या माळावर, कोप पाचटाची. बायकांची नावे पुष्कळदा कोणत्याच हजेरीपटावर नसतात, तेव्हा नोटीस द्यावयाची कोणाला? कारखाना म्हणतो, ती आमची मजूर नव्हे. मुकादम म्हणतो, मी मालक नव्हे. 2019 मध्ये या भागातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला आणि महाराष्ट्र सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. ऐन तिशीत, कित्येकींनी त्याही आधी, दोन-तीन मुले झाल्यावर गर्भाशय काढून घेतलेले होते. त्यामागे डॉक्टरांचा लोभ होता, पाळीच्या दिवसांतले न सुटणारे हाल होते आणि खाड्याचा हिशेबही होता. नव्वद वर्षांपूर्वी परळच्या गिरणीत नायकिणीपाशी जी गोष्ट सांगावयाची भीती होती, ती येथे मुकादमापाशी सांगावयाची आहे. हंगामात ज्या बाईला दिवस गेलेले असतात ती बहुधा सांगत नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढते, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात मुकादमाला ते आपोआप दिसते.